गाणे शिकवताना आधी कान, मग गळा

शास्त्रीय गायन शिकवणाऱ्याने पहिले काही महिने विद्यार्थ्याच्या गळ्यापेक्षा त्याच्या कानाकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. वही आणि स्वरलिपी यांची घाई करू नये. तंबोरा नीट जुळवून घ्यावा आणि विद्यार्थ्याला काही वेळ नुसते ऐकू द्यावे. जवारी (तारेखालच्या दोऱ्याने साधलेला झंकार) चांगली लागलेली असेल आणि खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची, तार शांतपणे छेडली, तर तिच्यातून गंधार (ग) आपोआप ऐकू येतो. तो विद्यार्थ्याच्या ध्यानात आणून द्यावा आणि मग त्याच्याकडून तोच गंधार लावून घ्यावा. पेटीचा गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो, त्यामुळे केवळ पेटीच्या आधाराने शिकलेल्या मुलाला हा सूक्ष्म फरक कळायला फार वेळ लागतो. म्हणून अलंकार आणि पलटे, म्हणजे ठरावीक स्वरक्रमांचे सराव, तंबोऱ्यावरच घ्यावेत.

विद्यार्थी गात असताना शिक्षकाने त्याच्याबरोबर गाऊ नये. आपला आवाज वर असला की त्याचा स्वर उतरलेला त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही. स्वरसमूह एकदा गाऊन दाखवावा, थांबावे, त्याला गाऊ द्यावे. चुकल्यास न रागावता तीच जागा अधिक संथ लयीत पुन्हा दाखवावी.

एकाच वर्गातील सर्व मुलांना शिक्षकाच्या सोयीच्या पट्टीत (ज्या उंचीवर सा धरतात तीत) गायला लावण्याची पद्धत मला अन्यायाची वाटते. निदान एकेकट्याचा पाठ घेताना तरी ज्याची त्याची पट्टी धरावी. मुलग्यांचा आवाज वयात येताना फुटतो, तेव्हा तार सप्तकाचा (वरच्या स्वरांचा) आग्रह सोडून पट्टी उतरवावी आणि ताल, बंदिशींचे पाठांतर व श्रवण यांवर भर द्यावा. शिकवणी मात्र बंद पडू देऊ नये, कारण या वयात सुटलेले गाणे पुन्हा हाती लागणे कठीण असते.

पहिला राग म्हणून भूप योग्यच आहे, परंतु आरोह-अवरोह पाठ झाला म्हणजे राग आला, असा समज होऊ देऊ नये. सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर देशकारातही आहेत. भूपात गंधाराला महत्त्व असते आणि गाणे पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) रमते, तर देशकार धैवताभोवती (ध) उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात, खुलतो. भूप थोडा स्थिरावल्यावर देशकार केवळ ऐकवावा, शिकवू नये.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीताचे शिक्षण सर्वसामान्यांना खुले केले. आजच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा त्याच परंपरेतल्या असून त्यांमुळे अभ्यासाला शिस्त लागते. मात्र अभ्यासक्रमातील राग उरकण्यासाठी वर्षभर धावपळ करण्यापेक्षा, विद्यार्थ्याची तयारी कमी असल्यास परीक्षा एक वर्ष पुढे ढकलावी आणि त्यामागचे कारण पालकांना फॉर्म भरण्यापूर्वीच स्पष्टपणे सांगावे.