कोकणातून मुंबईच्या प्राईडला निघण्याआधी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या दोघांना किंवा दोघींना जोडीने मुंबईच्या प्राईडला, म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा सगळ्या क्विअर लोकांच्या अभिमान मोर्चाला, जायचं असेल, तर बॅग सगळ्यात शेवटी भरावी. आधी माणसांची यादी करावी. मुंबई आपल्याला जवळ करते हे खरं, पण त्याच मुंबईत आपला काका डोंबिवलीला, मावशी भांडुपला आणि निम्मी वाडी लालबाग-परळला राहते. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला तिथे कोणी ओळखत नाही. आपल्याला ओळखणारे पावलोपावली आहेत. कोणाला काय सांगायचं, कोणाच्या नजरेस पडलं तर चालेल आणि कोणाच्या नाही, हे घरातून निघायच्या आत ठरलं, तर तिकडे हातात हात घालून चालता येतं. त्यासाठीच तर जायचं.

तारीख पक्की करा. मुंबईतला पहिला क्विअर आझादी मोर्चा १६ ऑगस्ट २००८ रोजी भर पावसाळ्यात निघाला होता. पुढे तो जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला होऊ लागला. नेहमीची जागा ऑगस्ट क्रांती मैदान, पण ती गृहीत धरू नका. २०२० मध्ये तिथली परवानगी मिळाली नाही आणि सगळे आझाद मैदानात जमले. आयोजकांनी मैदान जाहीर करेपर्यंत रद्द करता येईल अशीच खोली घ्या. रस्त्यावरची गर्दी नको वाटत असेल तर मे-जूनच्या सुमारास कशिश हा क्विअर चित्रपट महोत्सव असतो, २०१० पासून. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तोच सुचवेन: बाजूच्या खुर्चीवर आपलं माणूस, आणि कॅमेरा कोणाकडेच वळलेला नाही.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुलं होतं. फेब्रुवारीत जायचं तिकीट सहसा मिळतं, खरी अडचण परतीची. आंगणेवाडीची जत्रा बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, तिची तारीख देवीच्या कौलाने ठरते आणि ती जाहीर झाली की मुंबईहून खाली येणाऱ्या गाड्या चाकरमान्यांनी भरून जातात. तेव्हा जत्रेची तारीख पाहा आणि परतीचं तिकीट आधी काढा. कोकणकन्या किंवा तुतारीने गेलात तर अगदी सकाळी दादरला उतराल, खोली मात्र दुपारी मिळेल. बॅगा आधी ठेवून घेतील का, हे फोनवरच विचारून घ्या.

आणि गाडीत गाववाला भेटणारच. ‘खंय चाललंस? कोणाकडे उतरतलंस?’ या दोन प्रश्नांचं उत्तर दोघांचं एकच हवं. नातेवाइकाचं नाव चुकूनही घेऊ नका, तासाभरात तिकडे फोन जातो. ‘मित्रासोबत कार्यक्रमाला चाललोय, खोली घेतली आहे’ एवढं पुरे. जेवढं बोलाल तेवढं खरं असावं, बाकीचं बोलू नये. रचलेली गोष्ट चार दिवस सांभाळताना माणूस थकून जातो. मात्र एका विश्वासू माणसाकडे सगळं असू द्या: गाडी, हॉटेलचा पत्ता, जोडीदाराचा नंबर, परतायची वेळ. बहीण असो, कॉलेजची मैत्रीण असो, असं एक माणूस नसेल तर निघायच्या आधी ते शोधणं हेच पहिलं काम.

मुलींना याशिवाय आणखी एक तयारी लागते. दोन मुली चार दिवस घराबाहेर राहिल्या आणि फोन लागला नाही, तर घरचे हरवल्याची तक्रार देऊ शकतात. म्हणून दहावीचं प्रमाणपत्र किंवा वयाचा दुसरा पुरावा सोबत ठेवा. ‘मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने जात आहे’ अशी सही आणि तारीख घातलेली चिठ्ठी लिहून तिचा फोटो त्या विश्वासू माणसाला पाठवा. रोज ठरलेल्या वेळी घरी एक फोन कराच. अशी प्रकरणं कोर्टात गेली तर त्या व्यक्तीची स्वतःची इच्छा विचारा, समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवायला जाऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सगळ्या न्यायालयांना बजावलं आहे. हे माहीत असलेलं बरं. महिलांसाठी १८१ आणि कोणालाही ११२ हे नंबर लक्षात ठेवा.

खोलीबद्दल घाबरू नका. दोन सज्ञान पुरुषांनी किंवा बायकांनी एका खोलीत राहायला कायद्याची आडकाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा धाक उरला नव्हता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. कोणी वर्दीतल्या माणसाने त्याचं नाव घेतलं तर हे शांतपणे सांगता आलं पाहिजे. हॉटेलवाले कुरकुर करतात ती बहुधा मुंबईचाच पत्ता असलेल्या ओळखपत्रावर. आपल्या आधारवर कणकवली नाहीतर चिपळूण असतं, त्याचा इथे फायदाच होतो. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार उतरवून घ्या, त्याची प्रत द्या.

फोनला एक अख्खी संध्याकाळ द्या. फोटो घरच्या टीव्हीवर किंवा भावाच्या फोनवर आपोआप जातात का ते बघा, लोकेशन बंद करा, स्टेटस कोणाला दिसतं ते तपासा. डेटिंग ॲपवरच्या माणसाला मुंबईत भेटायचं असेल तर आधी व्हिडिओ कॉल, मग गर्दीच्या जागी चहा, लगेच खोलीवर नाही. फोटो पसरवायची धमकी देऊन कोणी पैसे मागितले तर ती खंडणी आहे, न्याय संहितेचं कलम ३०८. पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवा आणि एकट्याने झेलू नका. हमसफर ट्रस्ट ही क्विअर लोकांसाठीची संस्था १९९४ पासून मुंबईत काम करते आहे, तिथे मदत मागा.

मोर्चाच्या दिवशी दादरहून पश्चिम रेल्वेची स्लो गाडी पकडा, फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही. तिथून मैदान चालत जाण्याजोगं आहे. हा सगळा भाग गिरगावाला लागून आहे आणि गिरगावच्या चाळींत आपलीच माणसं. वाहिन्यांचे कॅमेरे असतात, आणि एक फोटो संध्याकाळपर्यंत वाडीच्या ग्रुपवर येऊ शकतो. म्हणून दोघांनी आदल्या रात्री स्पष्ट बोलून घ्या. एकाला चेहरा उघडा चालत असेल आणि दुसऱ्याला नाही, तर ज्याला नाही त्याचं ऐकायचं. मुखवटा घालून किंवा चेहरा रंगवून चालणारे पहिल्यापासून आहेत. त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्यांचे फोटोही विचारल्याशिवाय काढू नका. टोपी, पाणी, चालायच्या चपला. सप्तरंगी ओढणी पिशवीत, तिथे पोचल्यावर खांद्यावर.

अशा वस्तू तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मागायला संकोच वाटतो, कारण दुकानदार वडिलांना ओळखतो. कंडोम, ल्युब मुंबईत उतरल्यावर घ्या. प्रेप, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी, सुरू करायची असेल तर आधी एचआयव्हीची आणि मूत्रपिंडाची तपासणी होते, म्हणून डॉक्टरांना पुरेसं आधी गाठा. असुरक्षित संबंधासारखा धोका घडलाच तर पेप, म्हणजे लागण टाळायला नंतर घ्यायची औषधं, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते, जितकी लवकर तितकी बरी. एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रात विचारा, १०९७ या एड्स हेल्पलाइनवर माहिती मिळते. मन फारच दाटून आलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६.

एक काम मात्र या प्रवासाच्या निमित्ताने करूनच टाका. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने आपल्याला लग्नाचा हक्क दिला नाही, त्यामुळे अपघात झाला तर जोडीदार कागदावर कोणीच नसतो. पाकिटात ‘काही झाल्यास प्रथम यांना कळवा’ म्हणून एकमेकांचं नाव-नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि खात्यावर एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमायला कसलीही बंदी नाही, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये पत्रक काढून स्पष्ट केलं आहे. गावच्या शाखेत जाऊन खातं उघडणं जमणारं नसेल, तर मुंबईतल्या एखाद्या शाखेत चौकशीसाठी कामकाजाचा एक दिवस राखून ठेवा, आणि त्या पत्रकाची छापील प्रत सोबत न्या.