मॉडिफाय गाडीचे पुढचे शॉकअप: आधी मोजा, मग पाना लावा

गॅरेजवर येणाऱ्या मॉडिफाय गाड्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: ब्रेक मारला की गाडी नाकावर बसते आणि वळणावर पुढच्या चाकाचा भरवसा वाटत नाही. गाडी सहसा पल्सर २२०. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, त्यामुळे आमच्या भागात पल्सरला तोटा नाही. क्लिप-ऑन हँडल (शॉकअपच्या पाइपलाच धरलेलं, बुटकं, दोन तुकड्यांचं हँडल), मागून उचललेली सीट, पुढे जाड टायर आणि मालकाचा ठरलेला प्रश्न, "केटीएम ड्यूकचे शॉकअप बसतील का?" त्याचं उत्तर पुढे देतो. आधी गाडीचं काय झालंय ते समजून घ्या.

क्लिप-ऑन लावले की तुम्ही पुढे वाकता आणि अंगाचं वजन पुढच्या चाकावर येतं. कंपनीने स्प्रिंग सरळ बसणाऱ्या माणसाच्या हिशोबाने दिलेली असते, म्हणून ती उभ्या गाडीतच जास्त दबून राहते. त्यात मागचा शॉकअप लांब टाकला की पुढचे पाइप आणखी उभे होतात. गाडी चपळ वळते, पण वेगात हँडल हलकं पडतं.

शॉकअप खोलण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. गाडी मेनस्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी करा, शॉकअप खालून धरून पुढे-मागे ओढा. टकटक जाणवली तर कोनसेट ढिला आहे. मग हँडल अगदी हळू फिरवा. सरळ दिशेला ते खाच पडल्यासारखं अडकत असेल तर घट्ट करून काही होणार नाही, सेट बदला. दुसरी गोष्ट टायर. २२० ला पुढे ९०/९०-१७ हाच साइझ ठेवा. त्याच रिमवर जाड टायर चढवला की त्याची गोलाई बिघडते आणि गाडी झुकताना अडखळते. हवा पुढे २५, मागे एकट्यासाठी २८, आणि ती सकाळी, टायर गार असताना मोजायची. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असं मी खात्रीने सांगतो.

आता मोजमाप. यासाठी दोन माणसं आणि एक टेप लागतो. चाक अधांतरी असताना सीलच्या कडेपासून खालच्या टीपर्यंत (टी म्हणजे दोन्ही पाइप धरून ठेवणारी आडवी पट्टी) उघडा पाइप मोजा. मग गाडी जमिनीवर घ्या, हेल्मेट-जॅकेटसकट नेहमीसारखे वाकून बसा. मागून कोणीतरी गाडी सरळ धरेल. सोबत्याने पुढचा भाग दाबून हळूच सोडावा आणि मोजावं. मग वर उचलून हळूच सोडावा आणि पुन्हा मोजावं. दोन्ही आकडे वेगळे येतील, कारण सील आणि बुश पाइपला धरून ठेवतात. दोन्हींची सरासरी काढा आणि पहिल्या मापातून वजा करा. २२० च्या शॉकअपची चाल, म्हणजे दबायची एकूण जागा, १३० मिलिमीटर आहे. त्यातली ३५ ते ४० बसल्याबसल्या गेली तर ठीक. ५० च्या पुढे असेल तर ब्रेकसाठी चालच उरत नाही. दोन मापांत फार फरक पडला तर पाइप वाकलाय का, एक्सल तिरपा बसलाय का, ते आधी बघा.

जास्त दबत असेल तर स्प्रिंगवर स्पेसर टाका. जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा काटकोनात कापा, दोन्ही तोंडांना वॉशर द्या, आणि एका वेळी ५ मिलिमीटरच वाढवा. वरची कॅप काढताना चाक अधांतरी हवंच आणि तोंड कॅपच्या रेषेत नको, कारण ती स्प्रिंगच्या जोराने उडते. एक लक्षात ठेवा: स्पेसरने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीचं नाक फक्त वर येतं. तुमचं वजन जास्त असेल आणि स्पेसर वाढवूनही जमत नसेल, तर कडक स्प्रिंगच लागेल.

तेलाच्या बाबतीत पोरं घाई करतात. जाड तेल टाकलं की गाडी नाकावर बसायची थांबेल, असं त्यांना वाटतं. या साध्या शॉकअपमध्ये तेल ठरावीक छिद्रांतून जातं. जाड तेल खड्ड्याच्या झटक्यात त्यातून लवकर निघत नाही आणि धक्का थेट मनगटाला बसतो. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे डांबर लाटांसारखं उठतं. अशा रस्त्यावर लाटेनंतर गाडी डुलत राहिली तरच तेल एक पायरी जाड करा. जोरात ब्रेक मारल्यावर शॉकअप तळाला आपटत असेल तर तेल थोडं वाढवा. स्प्रिंग काढून, पाइप पूर्ण आत दाबून, वरच्या कडेपासून तेलापर्यंतची पोकळी मोजा आणि ती १० मिलिमीटरने कमी करा. डाव्या-उजव्या दोन्ही शॉकअपमध्ये माप तंतोतंत सारखं हवं.

मागून उचललेली गाडी वेगात हँडल हलवत असेल, तर टीमधून वर काढलेले पाइप परत खाली घ्या, तेही ५-५ मिलिमीटरने.

आता ड्यूकचे शॉकअप. ते ४३ मिलिमीटरचे, उलटे (जाड नळी वर, बारीक पाइप खाली), मजबूत आहेत. पण त्यांची लांबी वेगळी आणि टीचा पुढे सरकलेला भागही वेगळा. तो वाढला की हँडलला सरळ ठेवणारा जोर कमी होतो, घटला की वळण जड होतं. ही मापं जुळवून टी बनवणारा चांगला टर्नर असेल तरच त्या वाटेला जा. घरच्या शॉकअपची स्प्रिंग बदलून कमी पैशांत जास्त मिळतं.

सगळं जोडताना एक्सलचा नट आवळा, शॉकअप चारदा दाबा, आणि मगच एक्सल धरणारा खालचा बोल्ट आवळा. पाइपवर केबल टाय बांधून दौलताबादहून खुलताबादच्या घाटात पहाटे, गर्दी नसताना जा. परत आल्यावर टाय सांगतो चाल किती वापरली गेली. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

पाइपला रबरी बूट घाला. ऊस तोडणीच्या दिवसांत रस्त्यावरची माती सीलमध्ये शिरून तिची कड कापते. तेल गळून ब्रेक पॅडपर्यंत पोचलं असेल तर पॅड धुऊन वापरू नका, बदला.