पल्सव्ह्यूमध्ये माउसने झूम: बोटीच्या जीपीएसची लाइन तपासताना

१ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत मिरकरवाडा, हर्णे, मालवणच्या बोटी शाकारून ठेवलेल्या असतात, आणि जीपीएस आणि फिशफाइंडर (पाण्यातले मासे दाखवणारं यंत्र) यांची दुरुस्ती याच दिवसांत उरकून घ्यावी लागते. नेहमीची तक्रार ठरलेली: जीपीएसच्या स्क्रीनवर पोझिशन येते, फिशफाइंडरवर मात्र पोचत नाही. मल्टीमीटरवर आकडा थरथरतो, त्यातून काही कळत नाही. लॉजिक अ‍ॅनालायझर (वायरवरचा सिग्नल कधी वर, कधी खाली होता ते टिपणारं छोटं यंत्र) लावून पल्सव्ह्यूमध्ये, म्हणजे ते लॅपटॉपवर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, रेकॉर्ड घेतलं की दोष कुठेतरी त्यात असतोच. पण पाच सेकंदांच्या पट्टीत दोनशे मायक्रोसेकंदांचा बिट (सिग्नलचा सगळ्यात लहान तुकडा) गाठायचा तर झूमवर हात बसलेला हवा.

आधी जोडणी, थोडक्यात. बाजारातल्या स्वस्त आठ चॅनेलच्या, २४ मेगाहर्ट्झवाल्या अ‍ॅनालायझरला ५ व्होल्टच्या वरचा सिग्नल थेट देऊ नका. जुन्या जीपीएसच्या आउटपुटवर आरएस-२३२ पातळीचे, म्हणजे शून्याच्या खालीही जाणारे व्होल्ट असू शकतात. मध्ये ही पातळी सोसेल अशी करून देणारं मॅक्स३२३२ चं मॉड्यूल टाका आणि त्याचा आउटपुट अ‍ॅनालायझरच्या पहिल्या चॅनेलला, डी० ला जोडा. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा, म्हणजे ग्राउंडमधून येणारा नसता गोंगाट टळतो. सॅम्पल रेट १ मेगाहर्ट्झ, सॅम्पल ५० लाख: पाच सेकंदांचं रेकॉर्ड झालं.

चाक फिरवण्याआधी बाण कुठे आहे ते बघा

पल्सव्ह्यूमध्ये साधं चाक म्हणजे झूम. पुढे फिरवलं की जवळ, मागे फिरवलं की लांब. झूम स्क्रीनच्या मध्यावर होत नाही, माउसचा बाण जिथे असेल तिथे होतो. बाणाखालची वेळ जागची हलत नाही आणि बाकीचं सगळं तिच्या दोन्ही बाजूंना पसरतं. नवख्याचं हमखास इथेच चुकतं. बाण कुठेतरी रिकाम्या जागी, नजर सिग्नलवर, आणि चाक भराभर. चार-पाच खटक्यांत सिग्नल स्क्रीनबाहेर जातो आणि उरते ती सपाट रेघ. मग ‘सिग्नलच नाही’ म्हणून वायर उपसायला घेतात.

तेव्हा क्रम असा ठेवा. ‘झूम टू फिट’ दाबा, पूर्ण पाच सेकंद समोर येतील. दर सेकंदाला एक जाड पट्टा आणि मध्ये शांत रेघ असं चित्र दिसलं पाहिजे. जीपीएस सेकंदाला एकदा आपली वाक्यं पाठवतो, ती म्हणजे हे पट्टे. आता एका पट्ट्याच्या डाव्या कडेवर बाण अगदी टेकवा आणि चाक पुढे घ्या. एक खटका म्हणजे दीडपट. पाच सेकंदांवरून पाच मिलिसेकंदांवर यायचं म्हणजे हजारपट, त्याला सतराएक खटके लागतात. तीन-चार खटक्यांनंतर थांबा, बाण पुन्हा कडेवर आणा, मग पुढे. लांबून बाण टेकवताना एक पिक्सेल म्हणजे काही मिलिसेकंद असतात, त्यामुळे पहिला नेम थोडा चुकलेलाच असतो.

डाव्या बटणाने दोनदा क्लिक केलं तर दोन खटक्यांएवढं, म्हणजे सव्वादोनपट जवळ जातं. उजव्याने दोनदा केलं की तेवढंच लांब. ज्यांच्या माउसचं चाक खाऱ्या हवेने अडकू लागलंय त्यांना हे बरं पडतं. डावं बटण दाबून ओढलं की पट्टी सरकते. कंट्रोल दाबून चाक फिरवलं तर झूम होत नाही, चॅनेल वर-खाली जातात. आवाज संपादनाचं ऑडॅसिटी वापरणाऱ्यांचा हात इथे हटकून फसतो, कारण तिथे झूमला कंट्रोल लागतो.

पहिलं अक्षर, पहिला सापळा

वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं. ४८०० बॉडला (बॉड म्हणजे सेकंदाला किती बिट) एक बिट २०८.३ मायक्रोसेकंद, आणि अक्षराच्या आधीचा स्टार्ट व नंतरचा स्टॉप बिट धरून अक्षराचे दहा बिट म्हणजे २.०८ मिलिसेकंद. पट्ट्याच्या सुरुवातीला पाच मिलिसेकंदांवर पोचलात की पहिला खड्डा, म्हणजे सिग्नल खाली असलेला तुकडा, मोजावासा वाटतो. तो येतो ६२५ मायक्रोसेकंद, आणि त्यावरून बॉड १६०० निघतो. असा बॉड कुठलाच जीपीएस देत नाही. कारण साधं आहे. डॉलरचा कोड हेक्समध्ये २४, बिट उलट्या क्रमाने जातात, आणि त्यातले पहिले दोन शून्य स्टार्ट बिटला चिकटतात. खड्डा तीन बिटांचा होतो. त्यापुढे एक बिट वर, दोन खाली, एक वर, दोन खाली, मग स्टॉप. ही नक्षी एकदा डोळ्यांत बसली की डीकोडर (बिटांची अक्षरं करून देणारी सोय) न लावताही डॉलर ओळखू येतो.

मोजायचा तो सगळ्यात अरुंद तुकडा. त्यावर बाण ठेवून अजून चार-पाच खटके जवळ जा आणि मग कर्सर, म्हणजे वेळ मोजायच्या दोन उभ्या रेघा, चालू करा. ते समोर दिसणाऱ्या भागातच उमटतात, म्हणून आधी झूम, नंतर कर्सर. दोन्ही कडांवर ओढून लावले की मधल्या पट्टीवर फरक दिसतो. २०८ च्या आसपास आलं तर ४८००, १०४ आलं तर ९६००, २६ आलं तर ३८४००, म्हणजे एआयएसचा (जवळच्या जहाजांची जागा कळवणाऱ्या यंत्रणेचा) नेहमीचा वेग. जीपीएस आणि फिशफाइंडर वेगवेगळ्या बॉडवर असतील तर दोष तिथेच सापडला, सोल्डरिंग गन बाजूला ठेवा.

झूमने फक्त रेकॉर्ड झालेलं मोठं दिसतं, नवी माहिती येत नाही. सॅम्पल रेट २० किलोहर्ट्झवर राहिला असेल तर प्रत्येक सॅम्पल ५० मायक्रोसेकंदांचा. मग तोच बिट कधी २०० दिसेल, कधी २५०. कितीही जवळ जा, कड त्या पायरीवरच पडणार. सेटिंगमध्ये सॅम्पलचे ठिपके दाखवायचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. एका बिटात चारच ठिपके दिसले की आकड्यावर विश्वास ठेवू नका, रेकॉर्ड पुन्हा घ्या.

लांबून बघण्यातही अर्थ आहे

सगळं काही जवळ जाऊन कळत नाही. पूर्ण पाच सेकंद समोर असताना पट्ट्यांमधली शांत जागा नीट न्याहाळा. पल्सव्ह्यू दोन मायक्रोसेकंदांचा टोचाही लांबून बारीक उभ्या रेषेसारखा दाखवतं, गिळत नाही. शांत जागेत अशी रेघ दिसली की बाण तिच्यावर ठेवून जवळ जा. टोचे ठरावीक अंतराने येत असतील तर संशय चार्जर, इन्व्हर्टर किंवा एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरवर. वेडेवाकडे, लांब-आखूड तुटक येत असतील तर संशय जोडावर. रेकॉर्ड चालू ठेवून प्लग हलवा. हलवल्याबरोबर रेघ तुटली तर पिनेवर हिरवा कळंक चढलेला आहे, आणि नुसत्या स्प्रेने भागणार नाही, टोक कापून नवं काढा.

पट्ट्याची रुंदीही लांबूनच मोजा. ४८०० बॉडला सेकंदाला ४८० अक्षरं मावतात, आणि एक वाक्य जास्तीत जास्त ८२ अक्षरांचं, म्हणजे सुमारे १७१ मिलिसेकंदांचं. पट्टा ९००-९५० मिलिसेकंदांचा निघाला तर लाइन भरली आहे. जीपीएसच्या मेनूत उपग्रहांची यादी देणारं जीएसव्ही वाक्य बंद करा, फिशफाइंडरला त्याची गरज नसते.

आणखी एक दोष फक्त जवळून दिसतो. मध्ये ऑप्टोकपलर (दोन यंत्रं विजेने न जोडता सिग्नल उजेडातून नेणारा भाग) असेल आणि तो मंद असेल तर एका बिटाचा खड्डा २५५ आणि उंचवटा १६० असं काहीतरी येतं. ४८०० वर हे चालून जातं, कारण रिसीव्हर बिट मध्यावर वाचतो. तोच मॉड्यूल एआयएसच्या लाइनला लावला की २६ मायक्रोसेकंदांच्या बिटात काही उरत नाही. ‘जीपीएसला चालतो, एआयएसला चालत नाही’ या कोड्याचं उत्तर बहुतेकदा हेच.

अक्षरं वाचायची असतील तर यूएआरटी (अशा एका वायरवरच्या अक्षरांचा) डीकोडर लावा, बॉड मूळचा १,१५,२०० असतो तो ४८०० करा आणि फॉरमॅट अ‍ॅस्की ठेवा. लांबून डीकोडरच्या पट्टीत अक्षरं मावत नाहीत, दहा-वीस मिलिसेकंदांपर्यंत जवळ गेलात की उमटतात. सगळीकडे फ्रेम एरर (स्टॉप बिट जागेवर नसल्याची खूण) आला आणि शांत रेघ खाली दिसत असेल तर सिग्नल उलटा आहे. डीकोडरमध्ये इन्व्हर्टचा पर्याय आहे.

झूम आपोआप बदलत असेल तर

रेकॉर्ड चालू असताना पट्टी सारखी लांब जात असेल तर सेटिंगच्या व्ह्यूज पानावर ‘सतत झूम टू फिट’ चालू राहिलेलं आहे. रेकॉर्ड थांबल्यावर एकदाच फिट करणारा पर्याय वेगळा, तो राहू द्या. टचपॅडवर दोन बोटं उभी सरकवली की झूम, आडवी सरकवली की पट्टी सरकते, आणि बोटं जराशी तिरकी गेली की दोन्ही एकदम. बोटीवर ओल्या हातांनी तर विचारूच नका. शंभर-दोनशे रुपयांचा वायरचा माउस बॅगेत टाका.

व्हेरिलॉगच्या (चिपची रचना लिहायच्या भाषेच्या) लॅबमधली मुलं सिग्नल बघायला जीटीकेवेव्ह हा प्रोग्रॅम वापरतात, तिथे सवय बदलावी लागते. साधं चाक वेळेत पुढे-मागे नेतं, झूमसाठी कंट्रोल धरून चाक. आणि त्याहून सोपं म्हणजे उजवं बटण दाबून हव्या त्या तुकड्यावरून ओढायचं, सोडलं की तेवढाच तुकडा स्क्रीनभर. फाइल उघडल्यावर सिग्नल आधी यादीतून खाली घ्यावे लागतात, आणि सुरुवातीचा झूम इतका जवळचा असतो की क्लॉकही सपाट दिसतो. आधी झूम फिट. पल्सव्ह्यूमधलं रेकॉर्ड व्हीसीडी (सिग्नलचे बदल नोंदवणारी फाइल) म्हणून एक्सपोर्ट केलं तर जीटीकेवेव्हमध्ये उघडतं, पण डीकोडरची अक्षरं त्यात जात नाहीत, फक्त वर-खालीच जातं.