म्यूझस्कोरमध्ये टाइम सिग्नेचर : आधी सम ठरवा, मग आकडे टाका

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की ऑर्गनवाला एका गावचा, कीबोर्डवाला दुसऱ्या गावचा, ढोलकीवाला तिसऱ्याच. एकत्र तालमीला वेळ थोडाच मिळतो. म्हणून कागदावर जे लिहिलंय ते पहिल्याच वाचनात तालात बसलं पाहिजे. म्यूझस्कोर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि कामाला पुरून उरतं. स्टाफ नोटेशन वाचता येतं, असं धरूनच पुढचं सांगतो.

स्वर लिहायच्या आधी टाइम सिग्नेचर टाका. पहिला बार निवडायचा आणि पॅलेटमधल्या सिग्नेचरवर क्लिक करायचं, एवढंच. नंतर बदलली तर सॉफ्टवेअर सगळे स्वर नव्या बारमध्ये वाटून टाकतं, मधेच स्वर तुटून टाय लागतात.

आता आकडे. आठ मात्रांचा केरवा ४/४ मध्ये लिहा, एक मात्रा म्हणजे एक एट्थ नोट. दादरा ३/४ मध्ये लिहा असं सर्रास सांगतात. ते ऐकू नका. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीन अशा पडतात : धा धी ना, धा ती ना. ३/४ म्हणजे एट्थ नोट्सचे दोन-दोनचे तीन ठोके, ६/८ म्हणजे तीन-तीनचे दोन. बारची लांबी तीच, पण वाचणाऱ्याच्या डोळ्याला ताल वेगळा दिसतो. दादरा ६/८ मध्येच. सात मात्रांच्या रूपकला ७/८ घ्या, सिग्नेचरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि नोट ग्रुप्समध्ये चौथ्या आणि सहाव्या स्वरावर गट तुटेल असं करा, म्हणजे ३+२+२ दिसेल. रूपकची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, टाळीवर नसून ‘खाली’वर (जिथं टाळी न देता रिकामा हात दाखवतात) असते. मेट्रोनोम तिथं जोर देईल, तिकडे लक्ष देऊ नका.

खरं अवघड काम आहे ते उठाणाचं, म्हणजे समेच्या आधीच गाणं जिथून उचलतात त्या जागेचं. आपली कितीतरी गाणी समेवर सुरू होतच नाहीत. केरव्यातलं गाणं पाचव्या मात्रेवरून उठतं आणि मुखड्याचा वजनदार शब्द समेवर येतो. लिहिणारा मात्र पहिला शब्द पहिल्या बारच्या पहिल्या मात्रेवर ठेवून मोकळा होतो. मग पूर्ण पानभर सम बारच्या मधोमध. ढोलकीवाला दोन ओळी वाजवतो आणि थांबून विचारतो, "मास्तर, सम कुठं धरू जी?" त्याचं बरोबर असतं. कागद चुकलेला असतो.

म्हणून कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी गाणं टाळी देत म्हणा, सम कोणत्या अक्षरावर पडते ते पक्कं करा, त्या अक्षराखाली पेन्सिलने खूण करा. ते अक्षर बारच्या पहिल्या मात्रेवर यायलाच हवं. त्याच्या आधी जितक्या मात्रा उरतात, तितकाच तुमचा पिकअप बार, म्हणजे सुरुवातीचा अपुरा बार.

पाचव्या मात्रेचं उठाण असेल तर समेआधी चार मात्रा. पहिल्या बारवर राइट-क्लिक करून मेझर प्रॉपर्टीज उघडा. तिथं नॉमिनल आणि अ‍ॅक्च्युअल अशा दोन जागा आहेत. नॉमिनल ४/४ च राहू द्या, अ‍ॅक्च्युअल ४/८ करा. त्याच खिडकीत हा बार मोजणीतून वगळा, म्हणजे समेचा बार क्रमांक एक होईल. उठाणासाठी आधी २/४ ची सिग्नेचर आणि पुढं ४/४ असं कोणी शिकवलं असेल तर ते विसरा; वाचणाऱ्याला ताल बदलल्यासारखा वाटतो. पूर्ण बार घेऊन पहिल्या चार मात्रांत विराम भरणंही नको. एकदाच वाजवलं तर ते खपतं, पण मुखडा परत घेतला की ते विराम पुन्हा वाजतात.

ही परत घेण्याची जागा सगळ्यात जास्त फसवते. मुखड्याचा शेवटचा बार पूर्ण आठ मात्रांचा ठेवून रिपीट लावलात, तर आठ अधिक उठाणाच्या चार, म्हणजे बारा मात्रा. अर्ध आवर्तन (तालाची अर्धी फेरी) जास्त झालं आणि ढोलकी उलटी पडली. रिपीटआधीचा शेवटचा बारही अ‍ॅक्च्युअल ४/८ करा. तो आणि उठाण मिळून एक आवर्तन होतं. अंतरा समेवर सुरू होत असेल तर पहिलं आणि दुसरं एंडिंग करा : पहिल्यात अर्धा बार, दुसऱ्यात पूर्ण. अंतऱ्यालाही उठाण असेल तर त्याचा हिशोब वेगळा करा. मुखड्याचा तिथं चालेलच असं नाही.

झालं की मेट्रोनोम लावून रिपीटसकट वाजवा आणि हाताने टाळी द्या. पहिल्या वेळी नाही, दुसऱ्या फेरीत चूक कळते. बारच्या वर प्लस किंवा मायनसची छोटी खूण दिसली तर तो बार मुद्दाम लहान-मोठा केलेला आहे का ते बघा. तुम्ही केलेला नसेल तर तिथंच मात्रा हरवली आहे. त्या खुणा छापल्या जात नाहीत, म्हणून पीडीएफ काढण्याआधी पडद्यावरच तपासा.