उन्हाळ कांदा: औषध आणण्याआधी पातीचा बेचका उघडून पाहा

सध्या पहाटे धुई, पातीवर उशिरापर्यंत दव आणि दुपारी चटका देणारं ऊन. उन्हाळ कांद्याला असली हवा सर्वांत वाईट. दवामुळे करपा (पातीवर डाग पाडणारा बुरशीचा रोग) बळावतो, उन्हामुळे फुलकिडे.

पात पिवळी दिसली की आपण दुकानात जाऊन ‘काहीतरी द्या’ म्हणतो. तसं करू नका. सकाळी वाफ्यात चार-पाच ठिकाणी बसा, मधल्या कोवळ्या पातीचा बेचका अलगद फाकवा आणि रोप मोबाइलच्या काळ्या काचेवर झटका. फिकट पिवळे, सुईच्या टोकाएवढे किडे चालताना दिसले की ते फुलकिडे. ते पात खरवडून रस शोषतात, म्हणून पातीवर चंदेरी-पांढरे चट्टे पडतात. त्याच जखमांतून करपा आत शिरतो. जांभळ्या करप्याचा डाग खोलगट, मध्ये जांभळट आणि कडेने पिवळा असतो. तिथूनच पात मोडते.

फुलकिड्याची अंडी पातीच्या आत असतात आणि कोष मातीत. तिथे औषध पोहोचत नाही, म्हणून एका फवारणीत तो संपत नाही. १० ते १२ दिवसांनी पुन्हा पाहणी करा आणि गरज असेल तरच, औषधाचा गट बदलून, म्हणजे वेगळ्या पद्धतीनं काम करणारं औषध घेऊन फवारा. फिप्रोनिल ५ टक्के प्रवाही १ मिली प्रति लिटर चालतं. करप्याची सुरुवात असेल तर मॅन्कोझेब २.५ ग्रॅम, डाग वाढत असतील तर पुढच्या वेळी टेब्युकोनॅझोल १ मिली. कांद्याची पात मेणचट, पाणी ओघळून जातं, म्हणून स्टिकर (औषध पातीवर चिकटवून ठेवणारं द्रावण) हवाच. नोझल बेचक्याकडे धरा. दव सुकल्यावर किंवा ऊन उतरल्यावर फवारा. चार औषधं एकाच पंपात कालवू नका. पात भाजलेले प्लॉट पाहून जीव तुटतो.

लागवडीला ४५ दिवस झाले की युरिया बंद. हिरवीगार, लुसलुशीत पात बघायला छान, पण रोग-किडीला तीच आवडते आणि असा जाड मानेचा कांदा चाळीत लवकर सडतो. ज्यांची लागवड अजून बाकी आहे, त्यांनी वावराच्या कडेने मक्याच्या दोन ओळी लावाव्यात. वाऱ्याबरोबर येणारे फुलकिडे बऱ्यापैकी अडतात.

काढणीआधी १० ते १५ दिवस पाणी तोडा. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे ते औषधाच्या लेबलवर असतं, तेही पाहून घ्या. निम्म्या माना पडल्या, म्हणजे पात मानेत मोडून आडवी झाली की काढणी धरा आणि कांदा पातीसकट सुकू द्या.