‘बाय’ की ‘टिल’? एका ‘पर्यंत’मुळे होणाऱ्या चुका टाळा

‘अर्ज 31 मार्चपर्यंत सादर करावेत’ आणि ‘कार्यालय 31 मार्चपर्यंत बंद राहील’ ही दोन्ही वाक्ये मराठीत एकाच ‘पर्यंत’वर भागतात, इंग्रजीत मात्र पहिल्यासाठी ‘बाय’ आणि दुसऱ्यासाठी ‘टिल’ किंवा ‘अंटिल’ लागते. मनात मराठीत जुळवलेले वाक्य इंग्रजीत उतरवताना पाय घसरतो तो इथेच. मी स्वतः एकदा वरिष्ठांना ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल मंडे’ असे लिहिले होते. सोमवार येईपर्यंत मी तोच अहवाल पाठवत राहणार, असा त्याचा अर्थ होतो, हे मला ‘एकदाच पाठवलात तरी चालेल’ हे उत्तर आल्यावर उमगले.

मुदतीच्या आत एकदाच उरकायच्या कामाला ‘बाय’, आणि त्या वेळेपर्यंत अखंड चालू राहणाऱ्या क्रियेला किंवा स्थितीला ‘टिल’ वापरावे. शंका आल्यास ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून पाहावे. ‘31 मार्चच्या आत अर्ज सादर करावेत’ हे कानाला खटकत नाही, म्हणून तेथे ‘बाय’. ‘31 मार्चच्या आत कार्यालय बंद राहील’ हे मात्र कोणी म्हणणार नाही. ‘बाय’च्या मुदतीत शेवटचा दिवसही सामान्यतः धरला जातो, एवढे ध्यानात ठेवावे.

खरी कसोटी नकारार्थी वाक्यात लागते, कारण तेथे दोन्ही शब्द व्याकरणात बसतात आणि अर्थ तेवढा बदलतो. ‘शुक्रवारपर्यंत काम होणार नाही’ या वाक्यात ‘अंटिल फ्रायडे’ लिहिले, तर ऐकणारा शुक्रवारी काम हाती येईल अशी अपेक्षा धरतो; ‘बाय फ्रायडे’ लिहिले, तर शुक्रवार उलटला तरी काम अपुरेच असेल, एवढेच त्याला कळते. ग्राहकाला मुदत कळवताना हा फरक महागात पडू शकतो. मराठी वाक्यच येथे संदिग्ध असल्याने, आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे आधी ठरवावे.

‘टिल’ हे ‘अंटिल’चे संक्षिप्त रूप नव्हे, उलट तोच शब्द जुना आहे, त्याच्या शेवटी दोन ‘एल’ येतात, ‘अंटिल’च्या शेवटी एकच. अंतरासाठीही ‘टिल’ टाळावे: ‘स्टेशनपर्यंत चालत गेलो’ हे सांगताना ‘ॲज फार ॲज द स्टेशन’ म्हणावे. ‘आजतागायत’ या अर्थी आपल्याकडे सर्रास लिहिले जाणारे ‘टिल डेट’ भारतात सर्वांना समजते, परंतु परदेशी पत्रव्यवहारात ‘टू डेट’ लिहिणेच योग्य.