टपावरचा बोर्ड आणि पुढचा पट्टा

गाडी नव्वदच्या आसपास होती, टपावर विंडसर्फिंगचा, म्हणजे शिड लावून पाण्यावर चालवायचा बोर्ड पट्ट्यांनी बांधलेला. टपावरून मघापासून येणारी घूंऽऽ अशी गुणगुण एकदम उतरली. मला बरंच वाटलं, म्हटलं, गेली एकदाची कटकट. शेजारून नवरा म्हणाला, "अगं, आवाज बदलला म्हणजे पट्टा सैल झालाय. थांबव." गाडी कडेला घेऊन बघितलं तर पुढच्या पट्ट्याखाली माझी तीन बोटं आरामात जात होती. बकलच्या दात्यांमध्ये वाळू भरली होती आणि दर खड्ड्याला पट्टा केसभर सुटत आला होता. मागचा पट्टा मात्र ठणठणीत होता.

तेव्हापासून बोर्ड बांधताना मी सगळी अक्कल पुढच्या टोकावर खर्च करते. ब्रेक मारल्यावर बोर्ड पुढे जाईल ही भीती सगळ्यांनाच असते, पण धावत्या गाडीवर वारा बोर्डाला नुसता मागे ढकलत नाही, तो नाकाखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, शिरून वर उचलायला बघतो. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. साठला गपगुमान बसलेला बोर्ड एकशेवीसला तसाच बसेल असं धरून चालू नका.

आधी गाडीची पुस्तिका काढा. टपावर किती किलो चालतात ते त्यात दिलेलं असतं. टपावरच्या ज्या आडव्या बारवर बोर्ड बांधतो, त्यांचा स्वतःचा आकडा वेगळा असतो. दोन्हीतला लहान तो आपला. टपाच्या आकड्यात बारचं वजनही धरायचं असतं, हे बरेच जण विसरतात. एक-दोन बोर्डांचं वजन फार नसतं, पण शिडं, मास्ट (शिडाचा उभा खांब) आणि बूम (शिड धरायची आडवी दांडी) मिळून बेरीज भराभर चढते. जड लोखंडी सामान, फॉइल (बोर्डाखाली लावायचा पंख) असेल तर तेही, मी गाडीच्या आत ठेवते. दोन बारमधलं अंतर गाडी देईल तितकं जास्त ठेवा. बार जवळजवळ असले की लांब बोर्ड तराजूच्या दांडीसारखा डोलतो.

पट्टा घ्यायचा तो दातेरी बकलचा, हाताने ओढून आवळायचा, साधारण इंचभर रुंद आणि चार-पाच मीटर लांब. पॉलिस्टरचा असेल तर उत्तम, नायलॉन भिजलं की ताणतं. ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा बोर्डाला लावू नका. बोर्ड म्हणजे आतून फोम आणि वरून काचतंतूचं किंवा कार्बनचं पातळ कवच. रॅचेटचे दोन खटके जास्त पडले की कडेला बोटाच्या पेराएवढा खड्डा पडतो. खड्डा दिसतो तरी. त्याच्या टोकाला नखाच्या रेघेसारखी चीर पडते ती दिसत नाही, आणि तिथून पाणी आत जातं. माझ्या जुन्या बोर्डाचं असंच झालं, आणि आवळणारी मीच होते. रबरी हुकाच्या दोऱ्या तर विषयच नको. ज्या गोष्टीचं कामच ताणणं आहे, तिच्या भरवशावर काय बांधणार?

आता बोर्ड ठेवणं. बारवर फोमचे पॅड चढवा आणि बोर्ड पालथा घाला, म्हणजे उभं राहायची बाजू खाली. बोर्डाचं नाक मुळात वर वळलेलं असतं. सुलटा ठेवला तर ते नाक फावड्यासारखं वारा गोळा करतं. पालथा घातला की तेच नाक काचेकडे झुकतं आणि वारा त्याला खाली दाबतो. विंडसर्फिंगच्या बोर्डाची फिन (तळाला शेपटाकडे असलेला उभा पंख) काढून ठेवा, ती फारच लांब असते. पॅडलबोर्डाच्या, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या बोर्डाच्या, बाबतीत आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मी फिन काढून नाक पुढे ठेवते. नवरा शेपूट पुढे ठेवतो आणि फिन काढत नाही. त्याचं म्हणणं, बोर्ड मागे सरकलाच तर फिन पुढच्या पट्ट्याला अडेल. त्यात तथ्य आहे, पण मग फिन खरोखरच पुढच्या पट्ट्याच्या पुढे यायला हवी. कसंही ठेवा, पण बांधायच्या आधी डिकी पूर्ण उघडून बघा. बांधून झाल्यावर डिकी बोर्डाला आपटते हे कळणं फार त्रासाचं असतं.

विंडसर्फिंग करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. आपण पाण्यावर जातो तेव्हा वारा असतोच, त्यामुळे चढवता-उतरवताना न बांधलेला बोर्ड एक झुळूक सहज उडवून नेते. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा, एक जण सतत बोर्डावर हात ठेवून उभा राहू दे आणि बोर्ड टेकला रे टेकला की पहिला पट्टा टाका. गप्पा नंतर.

पट्टा टाकताना बकलचं टोक हातात धरून मोकळं टोक पलीकडे फेका. बकल फेकलंत तर ते पलीकडच्या काचेवर किंवा माणसावर जाऊन आदळतं. पलीकडे जाऊन मोकळं टोक बारखालून घ्या आणि बोर्डावरून परत आपल्या बाजूला आणा. इकडेही बारखालून काढून वर बकलमध्ये घाला. बारखालून जाताना पट्टा बोर्डाच्या कडेला अगदी लगटून असला पाहिजे. बारच्या टोकाकडे गेलात की पट्टा तिरपा बसतो आणि बोर्ड तेवढा इकडून तिकडे सरकतो. बकल बोर्डाच्या कडेवर टेकता कामा नये, ते थोडं वर घ्या आणि खाली रबराचा तुकडा ठेवा. पट्ट्याची शेपटी, म्हणजे मोकळं टोक, बकलच्या जिभेखालून वर काढून खाली ओढा. ओढताना दुसऱ्या हाताने पट्ट्याचा पलीकडचा भाग दाबत राहिलं की लपलेला ढिलेपणा निघून येतो. किती आवळायचं? बोर्ड धरून जोरात हलवा. बोर्डाबरोबर अख्खी गाडी डुलली की पुरे.

गुणगुण घालवायची तर पट्ट्याच्या मोकळ्या भागाला एक-दोन पीळ द्या. सपाट ताणलेला पट्टा वाऱ्यात तारेसारखा वाजतो, पीळ पडला की वारा फुटतो आणि आवाज जातो. उरलेली शेपटी बारभोवती गुंडाळून दोन साध्या गाठी मारा. सुटी शेपटी प्रवासभर रंगावर फटके मारत राहते.

दोन बोर्ड असतील तर रुंद खाली, अरुंद वर, दोन्ही पालथे आणि मध्ये फोम. मी आधी खालचा त्याच्या पट्ट्यांनी बांधते आणि मगच वरचा चढवते. एकाच पट्ट्यात दोन्ही गुंडाळले की वरचा घसरतो आणि खालचा उगाच सैल होतो.

मास्टचे दोन्ही तुकडे पिशवीत घालून बोर्डाच्या बाजूला, वेगळ्या पट्ट्याने बांधा. बोर्डाच्या पट्ट्यात मास्ट कोंबला की खड्ड्यांवर तो बोर्डाची कड खात बसतो. कार्बनच्या मास्टला फार आवळू नका, गोल नळी एका जागी दाबली गेली की तिथेच कमजोर पडते. बूमला दोन बाक असतात, त्यामुळे ती कशावरच नीट बसत नाही. जमलं तर गाडीत घ्या. गुंडाळलेली शिडं टपावर चालतात, फक्त पिशवीचं तोंड मागच्या बाजूला ठेवा. पुढे ठेवलंत तर पिशवी फुग्यासारखी भरते.

बोर्ड बारा फूट किंवा त्याहून लांब असेल तर नाकाला अडकवलेल्या फासापासून बॉनेटच्या दोन्ही बाजूंना दोन दोऱ्या घ्या, इंग्रजी व्हीसारख्या. बॉनेटखाली बोल्टला पट्ट्याचा छोटा फास बसवता येतो, किंवा गाडी ओढायचा हुक वापरा. या दोऱ्या नुसत्या तंग हव्यात, नाक वाकवायचं नाही. त्यांचा मला आवडणारा गुण म्हणजे त्या काचेतून दिसतात. दोरी फडफडायला लागली की गाडी थांबवायची. लांब दोरीचं टोक चाकाखाली जाणार नाही एवढं बघा. मागे बोर्ड बराच बाहेर येत असेल तर टोकाला लाल फडकं बांधा. आणि पार्किंगच्या दाराशी उंचीचा आडवा दांडा असतो, तो लक्षात ठेवा. मी एकूण उंची चिकटपट्टीवर लिहून स्टिअरिंगजवळ लावलीय.

हवेचा पॅडलबोर्ड शक्यतो हवा काढून डिकीतच न्यावा. फुगवलेलाच न्यायचा असेल तर उन्हाच्या दिवशी थोडी हवा सोडा, आतली हवा तापून दाब वाढतो. गारवा आला की उलट होतं, बोर्ड आकसतो आणि पट्टे ढिले पडतात. कडक बोर्डाला हवेचा स्क्रू असेल आणि तो हाताने फिरवायचा असेल, तर तापणाऱ्या टपावर तो जरा सैल ठेवा, पण पाण्यात उतरायच्या आधी घट्ट करायला विसरू नका.

निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी एकदा थांबा. पॅड दबलेले असतात, पट्टे बसलेले असतात. पुन्हा एकदा ओढा, विशेषतः पुढचा. पाऊस लागला, मोठे खड्डे लागले, बाजूचा वारा उठला, तर आणखी एकदा.

घरी आल्यावर बकलं गोड्या पाण्याच्या बादलीत टाका आणि जीभ दाबून दाबून आत पाणी खेळवा. स्प्रिंगमधली वाळू तळाशी दिसते. मग पट्टा सावलीत वाळवा, उन्हाने तो कडक आणि फिका होतो. कडेचे धागे सुटायला लागलेला पट्टा मी कापून टाकते, म्हणजे घाईत कुणी तो उचलून वापरायचा नाही.